‘वाटाशी’ नव्हे, ‘वाताशि’

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागे ‘पाच वाक्यांत जपानी ओळख’ अशी एक चौकट आली होती. खाली ‘प्रवासात उपयोगी पडणारे दहा शब्द’ही होते. ते कात्रण अजून माझ्या पाकिटात आहे. घडीवर फाटलंय, चिकटपट्टी लावून ठेवलंय. त्याच्या भरवशावर मी आधी सांगलीत आणि मग थेट नागोयात जे काही बोललो, त्याचा हिशेब आपल्याला द्यावा म्हणून हे पत्र. तक्रार म्हणा हवं तर, पण राग नाही. चौकट आली नसती तर सदुसष्टाव्या वर्षी मी या वाटेला गेलोच नसतो.

मी रेल्वे डाक सेवेतला, लोकांच्या भाषेत आरएमएसचा माणूस. मिरज जंक्शनला सॉर्टिंगमध्ये नोकरी झाली. रात्री दोनला पिशवी उपडी करायची आणि सकाळच्या गाडीआधी टपाल खणाखणांत लावायचं. लाखो माणसांची नावं डोळ्यांखालून गेली, पण ‘मी अमुक’ असं उभं राहून सांगायचा प्रसंग नोकरीच्या मुलाखतीनंतर आला तो एकदम जपानीतच. मुलगा नागोयाला असतो. नात यंदा तिथल्या शाळेत पहिलीला गेली. तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि पहिलीच्या प्रवेशाचा रीतसर समारंभ असतो, आईबाप ठेवणीतले कपडे घालून जातात. ‘आजोबा, तुम्ही दोघांनी यायचंच,’ असा नातीचा फोन आला. आमच्या सौ. म्हणाल्या, “जाऊ, पण तिथे मुक्यासारखं बसायचं नाही.” म्हणून वर्षभर आधी सांगलीतल्या एका क्लासला नाव घातलं.

वर्गात सोळा जण. मी सोडून सगळे विशीतले, त्यातल्या निम्म्याहून जास्त नर्सिंग केलेल्या मुली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. या मुली जपानला म्हाताऱ्यांच्या सेवेच्या कामावर जायच्या तयारीत. त्या कामाला तिकडे ‘काइगो’ म्हणतात. 2019 पासून जपानने परदेशी कुशल माणसांसाठी नवा व्हिसा काढलाय, त्यात हे काम बसतं. म्हणजे माझा हा हौसेचा मामला आणि त्यांच्या पोटाचा. हे मुद्दाम सांगतो, कारण आपली चौकट त्यांनीही कापून वहीत चिकटवली होती.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, कुणाला थोडंफार येतं का? मी कसला थांबतोय. उभा राहिलो, हात जोडले, कमरेत वाकलो आणि वाकल्या वाकल्या म्हणालो, “हाजिमेमाशिटे. वाटाशी वा जोशी-सान देसू.” चौकटीप्रमाणे अर्थ: नमस्कार, मी जोशी आहे.

बाई जपानात चार वर्षं राहून आलेल्या, त्यामुळे हसल्या नाहीत. म्हणाल्या, “छान. आता एकेक बघू.” आणि त्या एकेक बघण्यात तो तास संपला.

आधी ‘सान’ निघालं. सान म्हणजे आपला राव, साहेब, ताई. तो समोरच्याला लावायचा, स्वतःला कधीच नाही. आपल्याकडेही फोनवर ‘मी जोशीसाहेब बोलतोय’ म्हणणारे महाभाग असतात, आणि फोन ठेवल्यावर आपण त्यांच्याविषयी काय बोलतो तेही आपल्याला माहीत आहे. आपल्या चौकटीत ‘वाटाशी वा (तुमचे नाव)-सान देसू’ असं स्वच्छ छापलं होतं. मग ‘देसू’ गेलं. लिहिताना शेवटी उकार आहे, पण बोलताना तो बहुधा गिळतात, ऐकू येतं ते नुसतं ‘देस’. तसंच ‘माशिटे’ नव्हे, ‘माश्ते’. वाकायचं कधी, तेही ठरलेलं. आधी तोंडाने बोलून घ्यायचं, मग वाकायचं. मी दोन्ही एकदम केल्यामुळे माझी सगळी ओळख फरशीलाच झाली होती.

उरला ‘जोशी’. बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, “काका, तुमच्या आडनावाचं जरा अवघड आहे. ‘जोशि’ म्हणजे जपानीत मुलगी.”

वर्ग फुटला. सदुसष्ट वर्षांचा, टक्कल पडलेला, मिशीवाला मी उभं राहून सांगत होतो की मी मुलगी आहे. “मग ओ लांबवून म्हणू का?” मी विचारलं. “म्हणा की. पण ‘जोऽशि’ म्हणजे वरिष्ठ. ऑफिसातला साहेब.” म्हणजे आखूड बोललो तर मुलगी, लांबवलं तर साहेब. शिवाय वाक्यात शब्दांना चिकटणारे जे वा, ओ, नि, का असे छोटे शब्द असतात, आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांसारखे, त्यांनाही जपानी व्याकरणात ‘जोशि’च म्हणतात. “तुमच्याशिवाय जपानी वाक्य पुरं होत नाही, काका,” बाई म्हणाल्या. ही एक गोष्ट मात्र मी घरी जाऊन दोनदा सांगितली.

बाकीच्यांचीही गत बरी नव्हती. जपानीत ल नाही, ळ तर नाहीच, आणि न सोडून दुसरं अक्षर सहसा स्वराशिवाय उभं राहत नाही. त्यामुळे कुलकर्णी झाली कुरुकारुनि, पाटील झाला पातिरु, माळी झाली मारि. मी मिरजेचा होतो, तो ‘मिराजि’चा झालो. आडनाव आधी आणि नाव मागून, ही त्यांची रीत मात्र आपल्याला ओळखीची. शाळेच्या हजेरीत आणि बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आपण तसेच तर असतो. 2020 पासून जपान सरकारने रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, असं बाईंनी सांगितलं. पत्ताही ते मोठ्याकडून लहानाकडे लिहितात: आधी प्रांत, मग शहर, मग वॉर्ड, मग घर, आणि माणूस सगळ्यात शेवटी. सॉर्टिंगच्या माणसाला हे बघून काय आनंद होतो, ते इतरांना सांगून कळायचं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या चौकटीत चुका झाल्या, त्या जपानी अवघड आहे म्हणून नाही. त्या झाल्या जपानी इंग्रजीतून आणल्यामुळे. ‘वाटाशी’तला ट बघा. जपानी माणूस ट म्हणतच नाही. त्याची जीभ आपल्या त-च्या जागेजवळ लागते. तो तोयोता म्हणतो, होन्दा म्हणतो, क्योऽतो म्हणतो. मधे इंग्रजीचा टी आला आणि आपण त्याचा ट केला. टोकियो राहू द्या, रुळलंय ते. पण शिकणाऱ्यासाठी छापताना तरी कानाला विचारा, स्पेलिंगला नको.

आणि आपल्या मराठी कानाजवळ तर इतकं आहे! जपानीतला जो ‘त्सु’ लिहिताना आपण अडखळतो, तो आपण रोज म्हणतो. चूक, चोर, चमचा यांतला च. चार आणि चिमणीतला नव्हे, चुकीतला. ‘त्सुनामी’ वाचताना लोकांची जीभ वळत नाही, पण पानाला लावतात तो चुना घ्या आणि पुढे ‘मी’ म्हणा, झाला अस्सल जपानी उच्चार. ‘दोऽजो’ म्हणजे ‘कृपया’, यातला जो ‘जोर’मधला, आमच्या जोशीतला तो वेगळा. वर्गात बाहेरून आलेली एक हिंदी बोलणारी मुलगी होती, तिला हे दोन उच्चार घोटवायला महिना लागला. आम्हाला एक मिनिट. प्रश्नाचं तर विचारूच नका. ‘जोशि-सान देस का?’ म्हणजे ‘जोशी आहेत का?’ वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार. क्रियापदही आपल्यासारखंच शेवटी. त्यांच्या मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर होता: अ, इ, उ, ए, ओ; मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी म्हटलं, ही तर आपलीच बाराखडी, मधली पोरं गैरहजर आहेत एवढंच. बाई म्हणाल्या, बौद्ध भिक्षू संस्कृतसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. म्हणजे देवनागरी वाचणाऱ्याला जपानी शिकवताना रोमनच्या पुलावरून नेणं हा मिरजेचं टपाल दिल्लीमार्गे सांगलीला पाठवण्याचा प्रकार आहे.

एका ठिकाणी मात्र आपली लिपी खरंच तोकडी पडते, आणि जोशीचा घोटाळा तिथलाच आहे. इकार, उकार आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहू शकतो. ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा, हे वेलांटीवर निभावतं (आपल्या मुद्रितशोधकांनी शेवटची वेलांटी सवयीने दीर्घ केली नाही तर, ‘वाताशि’ ऱ्हस्वच ठेवा). पण ओ आणि ए यांना आपल्याकडे आखूड-लांब नाही, आणि जपानीचा आखूड ‘आ’ही आपल्याला वेगळा दाखवता येत नाही. त्यासाठी अवग्रह आहे की! नाटकाच्या पुस्तकात ‘अगंऽऽ’ असं छापतात ना, तो. ‘ओबासान’ मावशी, ‘ओबाऽसान’ आजी. ‘बियोऽइन’ म्हणजे ब्यूटी पार्लर आणि ‘ब्योऽइन’ म्हणजे दवाखाना. वर्गातली एक मुलगी सरावाच्या मुलाखतीत ‘मी तीन वर्षं ब्यूटी पार्लरमध्ये अतिदक्षता विभाग सांभाळला’ असं म्हणून बसली.

हसण्यावारी नेऊ नका. या मुलींची मुलाखत फोनच्या पडद्यावर होते आणि तिची सुरुवात ओळखीनेच होते. त्या ओळखीला ‘जिकोश्योऽकाइ’ म्हणतात. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मीही पुण्याला जाऊन जपानी भाषेची सगळ्यात खालची, एन-5 ची परीक्षा दिली. 180 पैकी 80 ला पास, मला 97 पडले. पण त्या परीक्षेत बोलायचं काही नाही. वाचा, ऐका आणि दिलेल्या पर्यायांतल्या एकाला काळं करा. प्रमाणपत्र हातात पडतं आणि तोंडातून स्वतःचं नाव सरळ निघत नाही, अशी पोरं मी पाहिली. त्यांच्यासाठी ती पाच वाक्यं हीच तोंडी परीक्षा, आणि ती त्यांनी आपल्या कात्रणावरून पाठ केलेली.

चौथं वाक्य आठवा: ‘माझा छंद वाचन आहे.’ आमच्या वर्गात सोळांपैकी अकरा जणांचा छंद ‘दोकुश्यो’. लग्नाच्या बायोडेटासारखं. बाईंनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, अलीकडे काय वाचलंत? शांतता. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, “शिम्बुन.” वर्तमानपत्र. ते आपलंच, हे सांगण्याइतके शब्द नव्हते. त्या दिवसानंतर बाईंनी छंद बदलायला लावले. एकीने सांगितलं, माझा छंद भाकरी थापणे. तिच्या खऱ्या मुलाखतीत त्यावर जपानी बाईने म्हणे पाच मिनिटं प्रश्न विचारले, हाताने का, गोल कशी होते. ती निवडली गेली.

शेवटचं वाक्य, ‘दोऽजो योरोश्कु ओनेगाइशिमास’. याच्यापुढे आपण ‘कृपया माझ्याशी चांगले वागा’ असा अर्थ दिला होता. असं वाक्य मराठी माणूस पोलीस ठाण्यातसुद्धा म्हणणार नाही. मला त्याचा अर्थ बाईंनी सांगायच्या आधीच कळला. ‘ओनेगाइ’ म्हणजे विनंती. ओळख संपताना, काम सोपवताना, निरोपाच्या शेवटी, सगळीकडे लावायचं. पन्नास पैशांच्या कार्डावर तळाशी जागा उरली नाही तर समासात उभं लिहितात ते: लोभ असावा ही विनंती. हजारो वेळा वाचलंय मी ते. (परक्याचं कार्ड वाचू नये हे मला ठाऊक आहे. रात्रपाळीत डोळे आपोआप वाचतात.) वर ‘हाजिमेमाश्ते’, खाली ‘ओनेगाइशिमास’, मधे दोन ओळी मजकूर.

मग एप्रिलमध्ये नागोयाला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात मुलाने एका पाटीकडे बोट दाखवलं. दोन चित्राक्षरं होती. “बाबा, वाचा. जोशि. आपलं आडनाव.” मुलींच्या स्वच्छतागृहाची पाटी होती. नातीला हे इतकं आवडलं की समारंभात ती त्या दिशेला बघून हसत होती.

शेजारच्या बाईंकडे आम्ही दोघं भेटायला गेलो. जाताना बाकरवडीचा पुडा. तिकडे भेट देताना म्हणायचं वाक्य मला पाठ होतं, ‘चुमारानाइ मोनो देस गा’, यातला चु परत चुन्यातला. अर्थ: क्षुल्लकच आहे, पण. फूल ना फुलाची पाकळी! ते छान झालं. आडनावावर तोडगा म्हणून मी दोन्ही स्वर लांबवून ‘जोऽशीऽ’ म्हणालो, त्यामुळे मुलगीही झालो नाही आणि साहेबही. मग सौ.कडे हात करून म्हणालो, “ओकुसान देस.” चुकलो. ओकुसान दुसऱ्याची बायको. स्वतःच्या बायकोला ‘चुमा’ म्हणायचं, किंवा जुन्या वळणाने ‘कानाइ’, म्हणजे शब्दशः घरातली. आमचे वडील ‘घरात विचारून सांगतो’ म्हणायचे, ते हेच. तिकडच्या तरुण बायकांना कानाइ आवडत नाही म्हणे, आणि इकडे आमच्या सौ.ना ‘घरात’ आवडत नाही. पण मुद्दा असा की आपल्या माणसाचा मान आपणच वाढवायचा नाही, तो पाहुण्यासाठी राखायचा.

तरी पहिली भेट गोडच झाली. दुसऱ्या दिवशी त्याच बाई लिफ्टमध्ये भेटल्या. मी उत्साहाने वाकून, “हाजिमेमाश्ते!” त्यांचा चेहरा उतरला. तिसऱ्या दिवशी परत तेच. संध्याकाळी त्यांनी सुनेला हळूच विचारलं, आजोबांची तब्येत बरी आहे ना, विसरायला होतं का? ‘हाजिमेमाश्ते’ म्हणजे ‘प्रथमच भेटतोय’, जन्मात एका माणसाला एकदाच म्हणायचं. चौकटीत त्याच्यापुढे ‘नमस्कार’ एवढंच होतं.

आणि दहा शब्दांतला सातवा, ‘पोस्टाचे तिकीट: किते’. पोस्टातला माणूस परदेशी जाऊन पोस्टात जाणार नाही, असं होईल का? नातीच्या शाळेच्या आवाराचं चित्र असलेलं कार्ड मिरजेला धाडायचं होतं. खिडकीशी उभा राहिलो आणि म्हणालो, “किते कुदासाइ.” आतल्या मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, उठली, आतून वळसा घालून बाहेर आली आणि अदबीने माझ्यासमोर उभी राहिली. तिकीट म्हणजे ‘कित्ते’. ‘किते कुदासाइ’ म्हणजे ‘कृपया या’. ती आली होती. एक त कमी पडला, संपादक महाशय, आणि तोही मराठीत, जिथे पत्ता, भत्ता आणि सत्ता आपण पोटभर म्हणतो. मी कार्डाच्या कोपऱ्यात तिकिटाचा चौकोन बोटाने काढून दाखवला. तिने तिकीट दिलं. मग मी छातीवर हात ठेवून ‘इन्दो, यूबिन’ म्हणालो. यूबिन म्हणजे टपाल. तिने डोळे मोठे केले आणि पुरत्या कमरेत वाकली. त्या एका वाक्यात धड क्रियापद नव्हतं, पण माझी खरी ओळख तीच.

परत आल्यावर क्लास सोडलेला नाही. शनिवारी मुली माझ्यावर सराव करतात. मी खुर्चीत बसतो, गुडघा दुखतोय असं तोंड करतो, आणि एकेक जण येऊन स्वतःची ओळख करून देते आणि मग मला उठायला हात देते. ‘ओजीसान’ म्हणू नका, आडनावाला सान लावून हाक मारा, असं बाई बजावतात. त्यामुळे सगळ्या मला ‘जोशि-सान’ म्हणतात आणि अजून हसू आवरत नाही. त्यातल्या दोघी पुढच्या महिन्यात जाणार आहेत.

चौकट परत छापणार असाल तर एवढं करा: सान काढा, ट-चे त करा, लांब स्वराला अवग्रह द्या, कित्तेला त्याचा त परत करा, आणि ‘हाजिमेमाश्ते’पुढे ‘एकदाच’ असं लिहा. प्रूफ मी वाचून देईन. ईमेलवर नको, पोस्टाने पाठवा, पाकिटाच्या मागे पत्ता आहे. पिनकोड 416410 तेवढा घाला. नुसतं ‘मिरज’ लिहिलं तरी पोचतं, पण रात्रपाळीवाल्याला त्रास होतो.

कळावे,
जोशी
(निवृत्त, रेल्वे डाक सेवा), मिरज